शेरलॉक भारी की एल? नागपुरी पोरांचा न संपणारा वाद

सकाळचे आठ, कस्तुरचंद पार्कजवळची पोह्याची गाडी. पोह्यांवर तर्रीचा लाल तवंग पसरून राहिला आणि बाजूला चार इंजिनिअरिंगची पोरं भांडून राहिली. विषय काय, तर शेरलॉक होम्स आणि डेथ नोट या जपानी कॉमिकमधला डिटेक्टिव्ह एल समोरासमोर आले तर जिंकणार कोण! एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात चक्क लिस्ट, कोणी काय ओळखलं, किती वेळात, हाताशी किती माहिती असताना.

पात्रांची अशी मापं काढायची, याला म्हणतात स्केलिंग. एक म्हणतो, "अबे, तुह्या होम्सले पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेबी माहीत नोव्हतं." खरंय, 1887 च्या पहिल्याच कादंबरीत त्याचा दोस्त डॉक्टर वॉटसन हे ऐकून उडतोच. दुसरा लगेच, "माहिती येगळी, डोकं येगळं बे!" पॉइंट आहे. मग होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट निघतोच. होम्स स्वतः सांगतो की हा निरीक्षणात माझ्याही पुढे, पण धावपळीचा त्याला कंटाळा. म्हणजे फॅन लोकांच्या भाषेत स्टेटमेंट (तोंडी तारीफ) तगडं, फीट्स (खरोखर करून दाखवलेले पराक्रम) कमी. आता धरायचं काय? इथं गाडीवाल्याला अजून तर्री मागितली जाते, कारण हे लवकर मिटत नाही.

सगळ्यात फालतू भाग आयक्यूचा. बिग बँग थिअरीचा शेल्डन कूपर 187, क्रिमिनल माइंड्सचा स्पेन्सर रीड पण 187, दोन वेगळ्या सिरियल आणि आकडा सेम टू सेम, घ्या! काही फॅन तर सरळ 300 देऊन मोकळे. अरे पण ते माप असं आहे की सरासरी 100, 130 च्या वर शंभरात दोनेक जण, 160 च्या वर तीसेक हजारांत एखादा, आणि 200 वाला सापडायला हिशोबाने 70 अब्जांच्या वर माणसं लागतील, पृथ्वीवर आहेत 8 अब्ज. त्यापेक्षा आपले चाचा चौधरी बरे, डोकं कंप्युटरपेक्षा तेज म्हणून सांगितलं, कोणता कंप्युटर ते विचारायचं नाही.

खरी गोम वेगळीच आहे. होम्स वॉटसनला बघताक्षणी ओळखतो की हा अफगाणिस्तानातून आला, उन्हाने रापलेला चेहरा, आखडलेला हात, मिलिटरी डॉक्टरचा थाट. पण तसा माणूस दुसरीकडूनही येऊ शकतोच ना? उत्तर लेखकाच्या खिशात आधीच होतं, पुरावे नंतर पेरले. पात्राला जे एका सेकंदात सुचतं त्यावर लेखक आठवडाभर डोकं खाजवत बसलेला असू शकतो, म्हणून नुसत्या बरोबर अंदाजांच्या लिस्टवर माझा तरी भरोसा नाही.

मला बघायचं असतं चुकल्यावर काय केलं ते. 1893 च्या एका कथेत नॉरबरी नावाच्या जागी होम्सचा अख्खा तर्क आपटतो. तेव्हा तो वॉटसनला म्हणतो, यापुढे मी जास्त उडायला लागलो तर माझ्या कानात नुसतं "नॉरबरी" म्हण. स्केलिंगवाले याला अँटी-फीट म्हणून मायनस मार्क देतात. मी तर इथंच त्याला एलच्या पुढे टाकला असता, पण हे त्या पोरांना सांगितलं तर चौघंही एकदम माझ्यावर, "काऊन भाऊ, हरल्याचे मार्क कधीपासून भेटून राहिले?"