तंबूची मेख आणि रेशमाचा धागा

नमस्कार मंडळी! इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या व्हिटवर्थ आर्ट गॅलरीत एक छोटी पेटी आहे, रेशमी भरतकामानं मढवलेली. त्या भरतकामात एक बाई झोपलेल्या माणसाच्या कानशिलात तंबूची मेख ठोकतेय. आणि हे भरलंय साधारण १२ वर्षांच्या पोरीनं. तिचं नाव हॅना स्मिथ.

गोष्ट बायबलमधली. ९०० लोखंडी रथ बाळगणारा सेनापती सीसरा लढाई हरून पळतो आणि याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरतो. पाणी मागतो, ती दूध देते. वर पांघरूणही घालते. तो गाढ झोपला, की हातोडी उचलते!

१७व्या शतकात इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरच्या मुलींचं शिक्षणच असं व्हायचं. आधी टाक्यांचा सराव म्हणून सॅम्पलर, म्हणजे नाना टाक्यांचे नमुने भरलेलं कापड. मार्था एडलिन नावाच्या अशाच एका मुलीनं १६६८ मध्ये, आठव्या वर्षी, रंगीत सॅम्पलर पुरा केला. पुढच्या वर्षी पांढऱ्यावर पांढरं काम आणि ११व्या वर्षी अख्खी पेटी.

चित्र मात्र मुलींनी काढलेलं नसायचं बरं का. छापील बायबल-चित्रांवरून उतरवलेलं रेखाटन पांढऱ्या सॅटिनवर आयतं मिळायचं. खरी गंमत पुढे. माणसाला उठाव यावा म्हणून आत लोकर किंवा कापूस भरायचा, वर काजाच्या टाक्यानं सुटा विणलेला झगा चढवायचा. वाड्याच्या खिडक्यांना काच म्हणून अभ्रक! बायबलमधलीच एस्तेर ही पर्शियाच्या बादशहाची राणी, पण इथे ती मिरवते इंग्लंडच्या फॅशनमध्ये.

मुलींना मुकाट बसायचं वळण लागावं म्हणून हातात सुई द्यायचे, असं म्हणतात. असेलही. पण शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं उडवणारी यूदिथ, आपल्या लोकांसाठी बादशहापुढे न बोलावता जाणारी एस्तेर, मेख ठोकणारी याएल... यातली एक तरी मुकाट बसणारी आहे का? सीसराच्या कानशिलाशी तासन्तास टाके घालणाऱ्या मुलीच्या डोक्यात नुसतं आज्ञापालन चाललं होतं, हे मला काही पटत नाही.

हॅनाच्या पेटीत तिच्याच हातची एक चिठ्ठी सापडली, १६५७ सालची. मी १६५४ मध्ये ऑक्सफर्डला गेले, जवळजवळ दोन वर्षं राहिले, पेटी १६५६ मध्ये लंडनला जोडून घेतली, असं त्यात आहे. पुढे साल विसरले तर मला कळावं, आणि कुणी चौकशी केली तर त्यालाही, म्हणून लिहून ठेवतेय, असं म्हणून खाली सही.