तोच एपिसोड, तिसऱ्यांदा

[दृश्य: हॉस्पिटलचा कॉरिडॉर, रात्र. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांची रांग.]

एप्रिल २०२५. बाबा आयसीयूत होते आणि बाहेरच्या या खुर्च्यांवर मी सहा रात्री काढल्या. झोप लागत नाही, कारण तासा-दोन तासांनी दार उघडतं, सिस्टर पेशंटचं नाव घेऊन विचारतात नातेवाईक कोण, आणि नाव कुणाचंही असो, सगळ्या रांगेच्या पोटात गोळा येतो. बातम्या बघवत नव्हत्या, गाणी नको वाटत होती. आमच्या घरात मन थाऱ्यावर नसेल तर पुलं लावायचे हा नियमच आहे, तेही इयरफोन घालून लावून बघितले, पण डोक्यात काही शिरेना. मग फोनवर एक पुस्तक उघडलं, आधी दोनदा वाचून झालेलं. त्याचा नायक स्वतःला मर्डरबॉट म्हणवतो.

नाव ऐकून दचकायला होतं, मला माहितीये. आईलाही झालं होतं, म्हणाली अगं इथे बसून असलं काय वाचतेस.

तर, मार्था वेल्स नावाच्या अमेरिकन लेखिका आहेत, त्यांची 'द मर्डरबॉट डायरीज' ही मालिका. पहिलं पुस्तक 'ऑल सिस्टिम्स रेड', २०१७ सालचं, जेमतेम दीडशे पानांचं. गोष्ट एका सिक्युरिटी युनिटची, म्हणजे अर्धं मशीन आणि अर्धा माणसासारखा जीव, कंपनीने बनवलेला आणि गिऱ्हाइकांच्या राखणीसाठी भाड्याने दिलेला. त्याच्या आत एक कंट्रोल बसवलेला असतो, हुकूम मोडला की शिक्षा देणारा. आणि या पठ्ठ्याने तो कंट्रोल स्वतःच हॅक करून बंद केलाय. आता ते मोकळं आहे, मनात आणलं तर कत्तल करू शकतं. आणि करतं काय, तर सिरीयल्स बघतं! पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात ते सांगून टाकतं की मोकळं झाल्यापासून त्याने जवळजवळ पस्तीस हजार तासांचे सिनेमे, सिरीयल्स, पुस्तकं, नाटकं, गाणी संपवलीत.

जरा एक सांगते, हे मला फार आवडतं. इंग्रजीत मर्डरबॉटला 'इट' म्हणतात, तो किंवा ती म्हटलेलं त्याला चालत नाही. हिंदीत हे सांगायला गेलं की पंचाईत होते, पण मराठीत आपल्याकडे 'ते' आहे की. ते येतं, ते बघतं, ते घाबरतं. कुठे काही अडत नाही. ते मूल, ते पाखरू म्हणतो तसंच ते मर्डरबॉट, आणि म्हणताना आपोआप माया येते आवाजात.

[दृश्य: मोबाइलच्या उजेडात दिसणारा चेहरा.]

पुस्तकाच्या सुरुवातीलाच एका परक्या ग्रहावर जमिनीतून एक अजस्र प्राणी वर येतो. डॉक्टर भारद्वाज नावाची शास्त्रज्ञ त्याच्या जबड्यात सापडते, मर्डरबॉट तिला ओढून काढतं, त्यात स्वतः फाटतं. आणि बाजूला तिचा सहकारी उभा आहे, भीतीने थिजलेला, पाय उचलत नाही. वेळ अजिबात नाही. तेव्हा ते आपल्या हेल्मेटचा पडदा वर करतं, त्याला आपला चेहरा दिसू देतं, हळू आवाजात बोलायला लागतं, घरी कोण कोण असतं, मुलं किती आहेत, असं विचारत विचारत त्याला एकेक पाऊल चालवत बाहेर आणतं. चेहरा दाखवायची त्याला खरं तर प्रचंड लाज वाटते, माणसांनी आपल्याकडे बघू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. तरी दाखवतं.

दुसऱ्या रात्री एक वॉर्डबॉय शेजारच्या काकूंजवळ येऊन उकिडवा बसला, त्या नुसत्या थरथरत होत्या, आणि त्याने विचारलं, मावशी, गाव कुठलं तुमचं? बास एवढंच. त्या बोलायला लागल्या. मी फोन उलटा ठेवला आणि ऐकत बसले.

लोकांना वाटतं मनाला बरं वाटायचं तर गोष्टीत वाईट काही घडता कामा नये. मला नाही तसं वाटत. या पुस्तकांत स्फोट होतात, माणसं मरतात, कंपन्या पैशासाठी कुणालाही वाऱ्यावर सोडतात. पण तुम्ही झोपलेले असताना कुणीतरी जागं आहे, आणि तेसुद्धा घाबरलेलं आहे, आणि तरी तिथून हलत नाही, हे पानापानावर जाणवत राहतं. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला एवढंच हवं असतं.

आणि मग दुसरं पुस्तक, 'आर्टिफिशियल कंडिशन', २०१८. त्यातला तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा सगळा व्हिडिओ करतेय. मर्डरबॉट एका भल्यामोठ्या यानातून चाललंय, यानावर माणूस एकही नाही, आणि ते यान स्वतःच प्रचंड हुशार आहे. मर्डरबॉट त्याला 'आर्ट' म्हणतं. दोघं मिळून सिरीयल बघायला लागतात. यानाला माणसांच्या गोष्टी नीट कळत नाहीत, त्यामुळे ते मर्डरबॉटला काय वाटतंय त्यावरून समजून घेतं, म्हणजे आपण कसं लहानपणी टीव्ही बघताना आईच्या तोंडाकडे बघायचो तसं. सिरीयलमध्ये एक मोठं पात्र मरतं. आणि एवढं महाकाय यान, ज्याने मनात आणलं तर मर्डरबॉटचा चुराडा होईल, ते सुन्न होतं. सात मिनिटं सिरीयल थांबवावी लागते. पुढे काही एपिसोडनंतर ते पात्र जिवंत परत येतं, आणि यानाला इतकं हायसं वाटतं की तो एपिसोड तीनदा बघितल्याशिवाय ते पुढे जाऊच देत नाही!

तीनदा. मला रडू आलं हे वाचून, त्या खुर्चीवर, पहाटे चारला. कारण मीसुद्धा तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचत होते.

[दृश्य: पुस्तकांचं कपाट. एका जाड पुस्तकाच्या घडीतून डोकावणारा बसचा पास.]

नंतर मी मित्रमैत्रिणींना विचारत सुटले की तुम्ही असं कुठलं सायन्स फिक्शन परत परत वाचता. एकाने लगेच सांगितलं 'द मार्शियन', अँडी वीअरचं, मंगळावर एकटा राहिलेला आणि बटाटे लावणारा माणूस. ते आधी लेखकाने स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकलं होतं. त्यातही बघा, तो माणूस संध्याकाळी काय करतो, तर कमांडरने मागे ठेवलेल्या सत्तरच्या दशकातल्या टीव्ही सिरीयल्स बघतो. म्हणजे तोही तेच करतोय.

मैत्रिणीने नाव घेतलं बेकी चेंबर्सच्या 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट'चं, २०२१ चं. अर्पणपत्रिकेतच लिहिलंय की ज्याला कुणाला जरा उसंत हवी आहे त्याच्यासाठी. डेक्स नावाचे एक चहावाले साधू गाडी घेऊन गावोगाव फिरतात, माणसं येऊन बसतात, आपलं दुखणं सांगतात, आणि डेक्स त्यांच्यासाठी जमेल तसा नेमका चहा करून देतात. बास, हेच काम. शेकडो वर्षांपूर्वी रोबॉट कारखाने सोडून रानात निघून गेलेत, आणि एक दिवस त्यांच्यातला एक परत येऊन विचारतो, माणसांना काय हवंय? खरं सांगू, मला हे पुस्तक मर्डरबॉटइतकं नाही लागलं, जरा जास्तच मऊ वाटलं. पण मैत्रीण म्हणाली की नोकरी गेली होती त्या महिन्यात तिला तेच मऊ हवं होतं, आणि त्यावर मी काय बोलणार.

बाबा मेच्या सुरुवातीला घरी आले. मर्डरबॉटची टीव्ही सिरीज १६ मे २०२५ ला सुरू झाली, मी आनंदात होते. आणि २० मेला बातमी आली, जयंत नारळीकर गेले, पुण्यात. बाबा बराच वेळ पेपर हातात धरून बसले. मग म्हणाले, ती पानिपतची गोष्ट काढ बरं.

'गंगाधरपंतांचे पानिपत'. प्रोफेसर गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर एका वेगळ्याच इतिहासात जाऊन पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. टाउन हॉलच्या लायब्ररीत बसून ते शोधतात की हे झालं कसं, नेमकं कुठल्या क्षणी. बाबांनी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल त्यांनाच ठाऊक. १४ जानेवारी १७६१, विश्वासराव पडले, आणि आपल्या भाषेत आजही कशाचाही पुरता बोजवारा उडाला की आपण पानिपत झालं म्हणतो. ती एवढी जुनी जखम, आणि गोष्टीत एका शास्त्रज्ञाने बखरीच्या पानावर फक्त एक गोळी जराशी सरकवलीय.

बाबांना चष्मा लावून वाचायची अजून परवानगी नव्हती, डॉक्टर म्हणाले होते डोळ्यांना ताण नको. मी वाचून दाखवलं. बखरीच्या त्या पानाशी आले, जिथे गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते, तिळाएवढा फरक पडला असता तरी प्राण गेले असते.

बाबांनी डोळे मिटले होते. म्हणाले, ते परत वाच.

मी वाचलं.

आई चहा घेऊन आली, कप टेकवले, आणि बाबा तिला म्हणाले, बस इथे, ऐक. मग माझ्याकडे मान वळवली. तेवढंच, पुन्हा एकदा.