तिसऱ्यांतले विष आणि खाडीचे पाणी

नमस्कार, श्रोतेहो. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री फुटणाऱ्या लाटांमध्ये निळा उजेड दिसला की त्याची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि मासळी खावी की नाही, अशी विचारणा सुरू होते. हा उजेड बहुधा नॉक्टिल्युका या प्लवकाचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवाचा, असतो. त्याची फार दाटी झाली, तर पाण्यातला प्राणवायू घटून माशांना त्रास होतो; पण पक्षाघात घडवणारे सॅक्सिटॉक्सिन हे विष तो तयार करत नाही. अलेक्झांड्रियम या प्लवकाच्या काही जाती मात्र ते तयार करतात. त्यांच्या लिटरमागे काही शे पेशी असल्या, तरी पाण्याचा रंग बदलत नाही. आणि तिसऱ्या, कालवे हे जीव सतत तेच पाणी गाळत असल्यामुळे विष त्यांच्या मांसात साठत जाते. ते शिजवल्यानेही जात नाही. केरळमधील विझिंजम येथे १९९७ मध्ये शिंपल्यांतील अशाच विषबाधेने सात जण दगावले.

हैदराबादचे इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, उपग्रहाच्या साहाय्याने शैवालांच्या बहरावर लक्ष ठेवते, ही मोलाची सोय आहे. मात्र उपग्रहाला हरितद्रव्य दिसते, जात ओळखता येत नाही, आणि पावसाळ्यात ढग आड येतात. त्यामुळे बाटलीत पाणी भरून आणण्याला पर्याय नाही. त्या पाण्यात पेशी टिकवून ठेवणारे लुगॉलचे आयोडीन थेंबाथेंबाने मिसळून त्याला कोऱ्या चहासारखा फिका रंग आणतात. मग ते काचतळाच्या नळीत दिवसभर न हलवता ठेवतात आणि तळाशी बसलेल्या पेशी, खालून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, जातवार मोजतात. काम किचकट आहे, नजर तयार व्हायला वेळ लागतो; पण विषारी पेशी वाढत असल्याची पहिली खबर इथेच मिळते. मग तिसऱ्यांचे मांस तपासायचे. किलोमागे ८०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक विष आढळले की अनेक देशांत तेथील शिंपले काढणे थांबवतात. आपल्याकडे जिथे बायका ओहोटीला तिसऱ्या काढतात, त्या प्रत्येक खाडीत असे नमुने ठरावीक काळाने घेतले जावेत, असे मला कळकळीने वाटते.

तिसऱ्या खाल्ल्यावर ओठ, जीभ बधिर झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही, पण वेळेत कृत्रिम श्वास मिळाल्यास रुग्ण वाचतो. उरलेल्या तिसऱ्या फेकू नयेत. त्या कोणत्या खाडीतल्या, हे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे तेथील पाणी लगेच तपासता येईल.