भोंग्याचे शहर

मित्रहो, छोटे शहर बरे की मोठे, हा प्रश्न सोलापुरात विचारला की शहराचे मोठेपण कशात मोजायचे, इथूनच सुरुवात करावी लागते. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. मंगळवेढ्याच्या, अक्कलकोटच्या माणसाला हे मोठे शहर आहे; पुण्यात नोकरीला लागलेला आमचाच मुलगा मात्र सुटीत इथे आला, की फोनवर ‘गावाकडे आलोय’ असे सांगतो.

माझ्या मते जिथे माणसे पोट भरायला येतात ते शहर मोठे, आणि जिथून त्यासाठी बाहेर पडावे लागते ते छोटे. या मापाने सोलापूर एके काळी नि:संशय मोठे होते. 1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, तिच्यामागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, भोवतालच्या खेड्यांतून कामगार आले आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला. गिरणीच्या भोंग्यावर घराघरांतल्या चुली पेटत असत. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लोकसंख्या वाढतच राहिली, तरी शहर लहान झाले.

पूर्व भागातल्या गल्लीत आजही यंत्रमागाची खटखट ऐकू येते, आणि उंबऱ्यात बसलेली बाई मांडीवरच्या सुपातले पान कापून, त्यात तंबाखू भरून, बोटांच्या एका वळणात विडी बांधते व तोंडाने शेजारणीशी तेलुगूत बोलत राहते. काम, घर आणि शेजार यांचे असे एकत्र नांदणे महानगरात दुर्मीळ झाले आहे, हे खरेच. पण तिची मजुरी किती तुटपुंजी आहे, हे विचारल्यावाचून त्या दृश्याचे कौतुक करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शेजाराचेही तसेच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी, वेळ कोणतीही असो, शेजारची मावशी दारावर थाप मारते, ‘अहो, पाणी आलंय!’ आणि घराला कुलूप असेल, तर आपल्या वाट्याच्या चार घागरी स्वतःच भरून ठेवते. ही माया पुण्याच्या सदनिकेत मिळत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र वाटते, की उजनीसारखे धरण जिल्ह्यात असताना नळाच्या पाण्यासाठी ती थाप पडावी लागते, याची आपल्याला आधी खंत वाटली पाहिजे. शिवाय जी मावशी घागर भरते, तीच कोणाची मुलगी किती वाजता घरी आली, हेही पाहते. अनेक मुली पुण्याला जातात त्या केवळ नोकरीसाठी नव्हे.

सोमवारी सकाळी पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस सुटताना एकदा फलाटावर उभे राहा. मुलांच्या पिशव्यांत कडक भाकरी असते, शेंगाचटणी असते, आणि बरोबर आलेले वडील गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडत नाहीत. त्यांच्यातल्या काहींचे वडील किंवा आजोबा याच स्टेशनवर गिरणीत काम मिळवायला उतरले होते.