14 किलोचे 42

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या काकांचं सांगलीत किराणा दुकान आहे, खाली दुकान, वर घर. हवामानबदल म्हटलं की काका हसतात. "कृष्णेला 2005 ला पूर आला, 2019 लाही आला. नदी आहे, येणारच!" एका पुरावरून काही सिद्ध होत नाही, एवढं त्यांचं मला मान्य आहे. पण हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून हवा मोजतायत. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 315 भागांच्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. 315 वरून 420. आणि हा वायू उष्णता धरून ठेवतो. झालं, आता काकांकडे वळू.

एकदा मे महिन्यात जेवताना मी बोलून गेलो, की घरचा 14.2 किलोचा गॅस जळून संपला, की साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. काकांचा घास हातातच राहिला.

"चौदाचे बेचाळीस? चाळीस वर्षं तराजू धरलाय लेका मी. असं माप दिलं असतं तर गिऱ्हाइकांनी दुकान फोडलं असतं. म्हणूनच तुमच्यावर विश्वास बसत नाही!"

मी रेणू, ऑक्सिजन सुरू केलं. काका ताक ओतून घेत होते. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "अहो, पावकिलो तांदळाचा भात किती होतो?"

काका गप्प.

"पाणी शिरतं ना त्यात? तसंच गॅसमध्ये हवेतलं काहीतरी शिरत असेल."

श्रोतेहो, अगदी तेच! गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. भातात पाणी, गॅसमध्ये ऑक्सिजन.

काकांनी हात धुतले, खाली जाऊन वजनकाटा आणला. पावकिलो तांदूळ मोजून दिले. कुकर लागला. भात भरला सातशे ग्रॅम. "आयला," म्हणाले, आणि पुन्हा मोजला.

त्या दिवशी वरणात चिंच-गूळ होता. वरणात टोमॅटो ही अलीकडची आळशी टूम आहे, हे माझं स्पष्ट मत. असो.

मग काकांनी खरा प्रश्न टाकला. "आपल्या एका शेगडीनं काय होणार?" चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशापुढे काहीच नाही, मी कबूल केलं. त्याचा जाब सरकारला विचारायचा. पण काकू तेव्हापासून तूरडाळ अर्धा तास भिजवतात आणि पहिली शिटी झाली, की आच बारीक करतात. पुन्हा सांगतो, डाळ भिजवायची, आच बारीक. काका कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहू लागले. पुढचा सिलिंडर पाच दिवस जास्त गेला.

दिवाळीत मी विचारलं, "आता पटलं का?"

"पृथ्वीचं तुझं तू बघ," काका म्हणाले. "पाच दिवसांचं मी लिहून ठेवलंय."