सुगीची रजा आणि पहिलं महायुद्ध

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पहिल्या महायुद्धाची कारणे’. त्याचं उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार आणि शेवटी साराजेवोत झालेला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाचा खून. शाळेत आपण सगळ्यांनी हेच लिहून गुण मिळवलेत. त्या मोठ्या कारणांकडे मी येणार आहे. पण त्याआधी एक साधी गोष्ट बघा. खून झाला २८ जून १९१४ ला, आणि सर्बियाच्या राजधानीवर, बेलग्रेडवर, पहिले तोफगोळे पडले २९ जुलैला. मध्ये अख्खा महिना आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा महिना दिसतच नाही आणि त्याचं मला वर्षानुवर्षं वाईट वाटत आलंय. कारण युद्धाचं मूळ मला त्याच महिन्यात दिसतं.

इथं समोर शेती करणारे बरेच जण बसलेत, म्हणून आज हे सांगायला विशेष आनंद वाटतोय. ऑस्ट्रिया-हंगेरीचे सेनाप्रमुख कॉनराड सर्बियाशी युद्ध करा म्हणून कित्येक वर्षं दरबाराच्या मागे लागले होते. त्यांना वारंवार अडवणारा माणूस कोण? युवराज फ्रान्झ फर्डिनांड. म्हणजे १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप या सर्ब तरुणानं साराजेवोत ज्याला गोळी घातली, तोच ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, शांततेच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार माणूस होता. तो गेल्यावर कॉनराडना वाट मोकळी झाली. युरोपभर सहानुभूती होती, राजघराण्यातल्या नवराबायकोचा भर रस्त्यात खून झाला होता. ५ जुलैला जर्मन सम्राटानं, म्हणजे कैसरनं, ‘आम्ही पाठीशी आहोत, काय करायचं ते लवकर करा’ असं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी तो बोटीनं नॉर्वेकडे फिरायला गेला.

आता सैन्य निघायला हवं होतं. आणि कॉनराडच्या लक्षात आलं की सैन्य जागेवरच नाही! जवान गावाकडे गव्हाच्या काढणीला गेले होते. आग्राम (म्हणजे आजचं झाग्रेब), ग्राझ, क्राकाव, बुडापेस्ट, अशा कितीतरी छावण्यांतल्या तुकड्या सुगीच्या रजेवर होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच २५ जुलैच्या आसपास परतणार होत्या. ही रजेची पद्धत खुद्द कॉनराडनीच सुरू केलेली. आणि ती शहाणपणाची होती. सैन्यातली पोरं शेतकऱ्यांची, ऐन काढणीत घरात हात नसले तर पीक उभ्या उभ्या वाया जातं. साताऱ्याकडच्या फौजी घरांना हे मी काय सांगावं? रजेचा अर्ज कोणत्या महिन्यात जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग त्यांना तातडीनं परत का बोलावलं नाही? एक तर काढणी बुडाली असती. दुसरं म्हणजे रेल्वेचा बोजवारा उडाला असता. आणि तिसरं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते असं की, सगळ्या जगाला कळलं असतं की ऑस्ट्रिया युद्धाला निघालाय. म्हणून रजा पुऱ्या होऊ दिल्या, आणि तोवर काही चाललंच नाही असं दाखवलं. सेनाप्रमुख आणि युद्धमंत्री स्वतः सुट्टीवर गेले. हंगेरीचे पंतप्रधान टिसा आधी युद्धाला ठाम विरोध करत होते, त्यांचं मन मधल्या दिवसांत वळवलं गेलं. १९ जुलैला परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ड यांच्या घरी मंत्री गुपचूप जमले आणि सर्बियाला द्यायचा निर्वाणीचा खलिता पक्का झाला. तोही लगेच दिला नाही. फ्रान्सचे अध्यक्ष पोआँकारे तेव्हा सेंट पीटर्सबर्गला मित्रदेश रशियाच्या सम्राटाचे, झारचे, पाहुणे होते. दोघांनी समोरासमोर बसून काही ठरवू नये म्हणून पोआँकारेंची बोट सुटेपर्यंत थांबायचं ठरलं. २३ जुलैला संध्याकाळी सहाला खलिता बेलग्रेडला पोचला. मुदत ४८ तास.

या साडेतीन आठवड्यांत सहानुभूती आटली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जे संतापाच्या भरात केलेलं वाटलं असतं, ते जुलैअखेर थंड डोक्यानं रचलेलं दिसलं. सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाला तर ते तसंच दिसलं. सर्बियानं बहुतेक मागण्या मान्य केल्या. ते उत्तर २८ तारखेला वाचून कैसरनंच शेरा मारला की आता युद्धाचं कारण उरलं नाही. त्याच दिवशी व्हिएन्नानं तारेनं युद्ध पुकारलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता भराभर सांगतो.

करारांमुळे युद्ध झालं, हे मला पटत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाचा करार १८७९ चा, फ्रान्स-रशियाचा १८९४ चा. १९१२ आणि १९१३ ला बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली, तेव्हाही हेच करार होते, महायुद्ध झालं नाही. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात, पण ऑगस्ट १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली. म्हणजे करार पाळायचा की नाही हे माणसंच ठरवत होती. लष्करी योजनांचं मात्र मी मान्य करतो. ३० जुलैला रशियानं सर्व सैन्याची जमवाजमव जाहीर केली. जर्मनीची योजना अशी की रशिया तयार होण्याआधी बेल्जियममधून घुसून फ्रान्सला हरवायचं. त्यामुळे रशियानं फौज गोळा करणं म्हणजेच युद्ध असं बर्लिननं धरलं. १ ऑगस्टला कैसर म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. सेनाप्रमुख मोल्टके म्हणाले, अशक्य. हजारो आगगाड्यांचं वेळापत्रक आखून झालं होतं. ४ ऑगस्टला बेल्जियमवर आक्रमण झालं आणि ब्रिटन युद्धात उतरलं.

ब्रिटन उतरल्याबरोबर हिंदुस्थानही उतरला, आणि इथल्या कोणालाही विचारलं गेलं नाही. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन नोव्हेंबरात आजच्या इराकमध्ये बसऱ्याकडे उतरली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्याच कूटला उपासमारीनं तुर्कांना शरण आली. मराठा पलटणींची माणसं त्यात होती.

जबाबदार कोण, असं मला विचाराल तर पहिलं नाव व्हिएन्नाचं. वेळ हातात असताना त्यांनी ती चौकशीसाठी किंवा बोलण्यासाठी वापरली नाही, लपवालपवीसाठी वापरली. दुसरं बर्लिनचं, कारण त्यांनी अटी न घालता पाठिंबा दिला. रशियाला मी तिसऱ्या जागी ठेवतो, आणि हे इथं अनेकांना पटणार नाही याची मला कल्पना आहे. त्यावरचे प्रश्न आधी घेऊ.