पत्रपेटीवरचे पाटील

[दृश्य: रावेर तालुक्यातलं एक घर. ओसरीवर उघडी बॅग.]

पाटलांचा मुलगा शिकायला जर्मनीला निघालाय. दुपारपासून त्याच्या बॅगेचं वजन चाललंय, केळीचे घड तोलायच्या काट्यावर. कळण्याचं पीठ, बिबड्या, काळा मसाला आत गेले. तुपाचा डबा मात्र घरीच राहणार, कारण दूध-तुपाचे पदार्थ इथून युरोपात नेता येत नाहीत. ताज्या फळांनाही रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, खजूर, ड्युरियन (फणसासारखं काटेरी फळ) आणि केळी. केळी चालतात म्हटल्यावर वडिलांना कोण आनंद! घडच बांधून द्यायला निघाले होते.

भुसावळहून मुंबई, तिथून विमानानं फ्रँकफर्ट, पुढे रेल्वेनं स्टुटगार्ट. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉशचं हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. गाड्यांचं शिक्षण घ्यायचं, शिकता शिकता कारखान्यात इंटर्नशिप करायची, म्हणून हा मुलगा इथे आलाय.

[दृश्य: इमारतीचं दार. पत्रपेट्यांची रांग.]

इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र आलं तसं परत. गावाकडे बसस्टँडवर उतरलं तरी कुणीतरी विचारतंच, ‘कोणाचा रे तू?’ आणि घरापर्यंत आणून सोडतं. इथे ते काम एका कागदी पट्टीनं करायचं.

त्या पट्टीवर किती अडकलेलं असतं बघा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा. नोंद झाली की कर क्रमांक येतो, पोस्टानं. बँकेच्या कार्डाचा पिन पोस्टानं, आरोग्य विम्याचं कार्डही पोस्टानंच. मोटारींच्या या देशात कागदाचा कारभार अजून टपालाच्या थैलीतून चालतो, याचं नव्यानं आलेल्या प्रत्येकाला नवल वाटतं.

पैसाही असाच टप्प्याटप्प्यानं. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास रुपये, आधीच खात्यात भरून ठेवले आहेत. पण ते बंद खातं. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात. स्टुटगार्टसारख्या महागड्या शहरात त्यातला मोठा घास घरभाडंच घेतं. म्हणून एका फ्लॅटमध्ये तिघं. त्यातले दोघं पाटील, एक हा रावेरचा आणि दुसरा शिंदखेड्याचा. पेटीवर पट्टी एकच, त्यामुळे एकाचं पाकीट दुसरा फोडतो, हे ठरलेलं.

[दृश्य: जिना. दाराच्या मुठीला लटकवलेली छोटी पाटी.]

ही पाटी म्हणजे ‘केअरवोखे’. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा. पंधराव्या शतकापासूनची इथली रीत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कोपऱ्यावरून बोट फिरवून बघतात. गावी ज्यानं कधी झाडू हातात धरला नाही, तो इथे शनिवारी वाकून पायऱ्या पुसतोय. व्हिडिओ कॉलवर आईला हे दाखवायची त्याची अजून छाती झालेली नाही.

इंटर्नशिपचं गणित वेगळं. परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग असेल, तर ती या दिवसांत धरत नाहीत. पण मग किमान वेतनाचा कायदाही तिला लागू होत नाही. कंपनी देईल ते घ्यायचं. घरी ‘जर्मनीत कंपनीत लागला’ एवढंच सांगितलं जातं, आणि तेवढ्यावर पेढेही वाटले जातात.

[दृश्य: सुपरमार्केट. केळ्यांचा कप्पा. मोबाइलवर वडील.]

हिवाळ्यात इथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. इथे दुपारचे चार वाजलेत, तिकडे वडील जेवायला बसलेत. कॅमेरा केळ्यांकडे वळतो. पिवळी, सगळी एका मापाची, वर एक्वाडोरचं लेबल.

‘केयाले काय भाव आहे तठी?’

‘किलोले दीड युरो, बाबा. म्हणजे दीडशेच्या आसपास.’

तिकडे घास हातातच राहतो. मग आवाज येतो, ‘लेबल जरा जवळ धर. आन् ते एक्वाडोरवाले पॅकिंग कसं करतात, ते खोकं बी दाखव.’